डब्यातला उन्हाळा

पाखरांची बोली पत्र्याच्या डब्यांनाही कळायची, त्या काळातली ही गोष्ट. इरावतीबाई फोटो काढायच्या. एका डब्यात त्यांनी फोटोचा कागद ठेवला, ऊन आत येऊन कागदावर उमटावं म्हणून सुईच्या टोकाएवढं भोक पाडलं आणि डबा आंब्याच्या झाडाला बांधला.

त्याच झाडावरची कावळी डब्याला हसली, "काय रे बघतोस रोज?"

"सूर्य."

"रोज तोच तर असतो!"

उन्हाळा सरला. बाईंनी डबा उघडला. कागदावर सूर्याच्या रोजच्या वाटा कमानींसारख्या एकावर एक उजळल्या होत्या.

"अगं बाई! अख्खा उन्हाळा उतरलाय!" त्या पुटपुटल्या.

मध्येच एक काळा पट्टा होता. "हा कोणता दिवस?" कावळीने डब्याला विचारलं.

"वादळाचा. तुझं घरटं पडलं तो."

कावळीने चोच पुढे केली. "आणि त्याच्यावरची ही लख्ख रेघ?"

"दुसरा दिवस," डबा हळूच म्हणाला. "तू पहिली काडी आणलीस तो."