रेवणच्या खात्यात कोण येतं

"बरोबर केलं ना मी, अप्पा?"

चन्नवीर धापा टाकत मठाच्या ओसरीवर आला तो हेच विचारत. चोर सापडला नव्हता, पण चोराचं बीळ सापडलं होतं आणि ते त्यानं बुजवूनही टाकलं होतं.

मठाचे गुरू अप्पा भिंतीला टेकून, घोंगडीत गुरफटून बसले होते. दिवेलागण टळली तरी समई लावलेली नव्हती. एरवी अप्पांची समई कधी चुकत नसे. चन्नवीरचं तिकडे लक्ष गेलं नाही.

"काय केलंस?"

"रेवणचं खातं पुसून टाकलं. मुळासकट."



रेवण म्हणजे चन्नवीरचा गुरुबंधू. भर पावसाळ्यात तापानं गेला. मठाच्या ॲपवर गावोगावचे भाविक संध्याकाळी पोथी ऐकत, ती त्याच्या आवाजात. तो वाचायचा आणि चन्नवीर ॲप सांभाळायचा. पुण्याची चांगली नोकरी सोडून चन्नवीर मठात आला होता. नोकरी सुटली, तोरा काही सुटला नव्हता.

मागच्या शिवरात्रीला कुणा वात्रटानं ॲपमध्ये शिरून आरतीच्या जागी लावणी लावून दिली. निम्म्या तालुक्यानं ती हात जोडून ऐकली. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. चन्नवीरनं पहारा बसवला. ॲपमध्ये कुठं काही वावगं हललं की त्याच क्षणी त्याच्या फोनवर घंटा वाजे. सासरी गेलेल्या लेकीनं नव्या गावातून पोथी लावली तरी घंटा. एखाद्या म्हाताऱ्याची पासवर्ड टाकताना बोटं चुकली तरी घंटा. साप साप म्हणून भुई धोपटतोय, असं मठात सगळे म्हणत.

अप्पा तेवढे काहीच म्हणत नसत. हेच त्याला टोचायचं. अप्पांच्या तोंडून 'बरोबर' हा शब्द आजवर कुठल्याच शिष्यानं ऐकला नव्हता. फार झालं तर 'पुन्हा वाच'. आज तो शब्द घेतल्याशिवाय उठायचं नाही, असं ठरवूनच चन्नवीर समोर बसला.

"मेलेल्या माणसाच्या खात्यात कुणीतरी यायचं, अप्पा. रोज दिवेलागणीला. आज मी दबा धरूनच होतो. घंटा वाजली, आणि तो आत असतानाच दार लावलं."

"न्यायचा काय तो?"

"काहीच नाही. एकच रेकॉर्डिंग उघडायचा. ऐकायचा. जायचा."

"मग चोर कसा?"

चन्नवीर हसला. म्हाताऱ्या माणसांना हे समजावणं अवघडच.

"जो काही नेत नाही तो जास्त वाईट, अप्पा. तो टेहळणी करतो. एक दिवस सगळं लुटून नेतो."

"हं..."

"आणि बाहेरचा नाहीच तो. मठाच्याच वायफायवरून यायचा. कुंपणच शेत खातंय, अप्पा!"

अप्पांनी घोंगडी आणखी आवळून घेतली. थंडी तर अजून पडली नव्हती.

"ते रेकॉर्डिंग... तू ऐकलंस का कधी?"

"मी कशाला ऐकू? रेवणची चांगली वाचनं बाहेर आहेत, लोक ऐकतात ती. खात्यात नुसता टाकाऊ माल होता. अडखळलेलं, चुकलेलं, मधे खोकला आलेलं."

"घंटा मात्र रोज ऐकलीस."

"रोज! एकही चुकली नाही."

हे त्यानं छाती फुगवून सांगितलं. पोराला अजून काही कळलेलं नव्हतं.

"परत आणता येतं का रे ते?"

"छे! असं पुसलंय की आता ब्रह्मदेव आला तरी नाही."

ओसरीवर अंधार दाटला होता. आत मुदपाकखान्यात कुणीतरी पातेलं घासत होतं. ते थांबलं, आणि मग काहीच ऐकू येईना.

"कोण असंल वाटतं तुला?" अप्पांनी विचारलं.

"माझा संशय आचाऱ्यावर आहे. तोच संध्याकाळी फोन घेऊन कोपऱ्यात बसतो. तुम्ही हो म्हणा, आत्ताच्या आत्ता सगळ्यांचे फोन तपासतो. सापडला की सकाळी मठाबाहेर."

"कुणी असला तरी?"

"कुणी असला तरी, अप्पा."

"तपास," अप्पा म्हणाले. "हितनंच सुरू कर..."

घोंगडीतून हात बाहेर आला. हातात एक फोन होता.

चन्नवीरनं तो घेतला. अंधारातही हाताला ओळख पटली. कोपरा फुटलेला, वर रबर लावलेलं. रेवणचा फोन. तो त्याच्या आईनं घरी नेला असंच सगळे धरून चालले होते. काचेवर ठळक अक्षरं उजळली होती: 'संशयास्पद हालचाल. प्रवेश कायमचा बंद.'

मजकूर चन्नवीरचाच होता. 'कायमचा' हा शब्द त्यानं आज दुपारी मुद्दाम घातला होता.

 

"त्याची आई देऊन गेली," अप्पा म्हणाले. "म्हणली, तुमाला लागंल..."

"अप्पा, मला माहीत नव्हतं..."

"ताप होता त्याला. माझ्या ध्यानात नाही आलं. एकच अध्याय, सारखा म्हणत होतो, पुन्हा वाच. पुन्हा वाच. शेवटी रात्री त्यानं फोनात वाचून ठेवला. मी म्हटलं, ऐकू सकाळी."

अप्पा थांबले.

"सकाळी त्याला दवाखान्यात नेलं होतं..."

अप्पांनी चन्नवीरच्या हातातला फोन परत घेतला.

"त्या रेकॉर्डिंगात वाचून झालं की खोकायचं लेकरू. मग विचारायचं, 'अप्पा, आता बरोबर झालं का?'"

चन्नवीरला वाटलं, आता भुई दुभंगावी आणि आपल्याला पोटात घ्यावं. ओसरीत पाऊल टाकताना आपण काय विचारलं होतं, ते त्याला आठवलं.

"रोज विचारायचं," अप्पा म्हणाले. "रोज सांगायचो मी."

चन्नवीरनं त्यांचे पाय धरले. तो हमसून हमसून रडला. "मला हाकला अप्पा, शिक्षा करा, पण असे गप्प बसू नका!"

अप्पांनी पाय सोडवून घेतले. रागानं नाही, अवघडल्यासारखे.

"समई लाव."

त्यानं काडी ओढली. वात दोनदा विझली. उजेडात पहिल्यांदा त्याला अप्पांचा चेहरा दिसला. कपाळावरचं भस्म तसंच होतं. गालांवरून मात्र ओघळ वाळले होते. ते त्याच्या येण्याच्या आधीचे असावेत.

अप्पांनी चौरंगावरची पोथी त्याच्यापुढे सरकवली. रेवणची मोरपिसाची खूण अजून त्याच अध्यायात होती.

"वाच."

"मला येत नाही, अप्पा. मी कधी..."

"वाच."

चन्नवीर वाचू लागला. पहिल्याच ओवीला अडखळला. ओळ चुकली, मागे आला, पुन्हा चुकला. अक्षरं पाण्यात भिजल्यासारखी दिसत होती. कुठं श्वास घ्यायचा ते कळेना. मधेच हुंदका येई, मग शब्द अर्धा तोंडात आणि अर्धा घशात. असा अध्याय त्या ओसरीवर कुणीच वाचला नसेल. रेवणनं असा वाचला असता तर पहिल्या ओवीलाच अप्पांचा हात वर झाला असता.

हात वर झाला नाही.

अध्याय संपला. चन्नवीर मान खाली घालून 'पुन्हा वाच' या दोन शब्दांची वाट पाहत राहिला. विचारायची त्याची हिंमत नव्हती.

चौरंगावर त्याचा स्वतःचा फोन उजळला. कुठल्या तरी गावात कुणीतरी काहीतरी उघडलं होतं. घंटा वाजली, वाजत राहिली. त्यानं फोनकडे पाहिलंही नाही.

घंटा थांबेपर्यंत अप्पा थांबले. मग त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला...

"बरोबर झालं, लेकरा."