स्मशानाचा रस्ता अंगणात

सन १९८६, भाद्रपद महिना. सरकारने रोखे विकून पैसा उभारला आणि स्मशानाच्या रस्त्यासाठी आमच्या नगरपालिकेला कर्जाऊ दिला. नगराध्यक्ष गुणवंतरावांनी डांबरी रस्ता केला, तो फाटकातून वळवून थेट स्वतःच्या अंगणात नेला. पैसे संपले, म्हणाले. पुढे स्मशानापर्यंत गुडघाभर चिखल.

त्याच महिन्यात चांगुणाबाईचा नवरा वारला. मूलबाळ नव्हतं. तीच विस्तवाचं मडकं धरून पुढे चालली, मागे आम्ही तिरडी घेऊन. ती डांबरावरून चालत सरळ गुणवंतरावांच्या अंगणात शिरली आणि म्हणाली, "उतरवा इथं."

परक्याच्या दारात मढं! असं कधी कुणी पाहिलं नव्हतं.

गुणवंतराव धावत आले. "अगं बाई, डोकं फिरलं का तुझं? हे माझं घर आहे!"

"घर कसं, साहेब? कोपऱ्यावर तुम्हीच पाटी लावलीय, स्मशानाचा रस्ता म्हणून. रस्ता इथं संपला. आता लाकडं कुठं रचायची, तेवढं सांगा."

गुणवंतराव पांढरेफटक पडले. शेवटी त्यांनीच तिरडीला खांदा दिला आणि चिखलातून स्मशानापर्यंत आले.

दिवाळीच्या आत उरलेला रस्ता गुणवंतरावांनी पदरच्या पैशाने केला. अंगणात गेलेला पैसा गुणवंतरावांनी व्याजासह भरला, आणि सरकारचं तेवढं कर्ज फिटलं.