शेरेबुकातला शेरा

डोंगरावरच्या शाळेत पाचपुतेबाई चौथीला मोबाइलवर बी रुजतानाचा व्हिडिओ दाखवत होत्या. तेवढ्यात तपासणीला आलेले शेवाळेसाहेब धापा टाकत दारातूनच कडाडले, "हे काय विज्ञान? पडद्यावर पाहणं म्हणजे पाहणं नव्हे! शेरेबुकात तसं लिहितो."

बाईंनी शेरेबुक पुढे केलं. "लिहा ना साहेब. फक्त आधी आपला मागच्या वर्षीचा शेरा खोडा."

साहेबांनी वाचलं: 'शाळा प्रत्यक्ष पाहिली. समाधान वाटले.' "यात काय चुकलं?"

"तेव्हा आपण पायथ्यालाच थांबला होतात. शाळा मी व्हिडिओ कॉलवर दाखवली आणि शेरेबुक सहीला खाली आणून दिलं."

साहेब ओशाळून हसले आणि पोरांशेजारी सतरंजीवर बसले. "लावा पुन्हा पहिल्यापासून. आता मीही प्रत्यक्ष पाहतो."