डोळे बांधून शाळेला

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की त्या गावाचं नावही आता कुणाला सांगता येत नाही. गाव आणि शाळा यांच्यामध्ये दाट रान होतं. कधीकाळी त्या रानात एक मूल हरवलं आणि भीतीपोटी गावाने एक रीत पाडली. शाळेला निघालेल्या मुलांच्या डोळ्यांवर पट्टी बांधायची, हातात दोर द्यायचा आणि डोळे उघडे असलेल्या एकट्या वाटाड्याने तो धरून पुढे चालायचं. रानाकडे बघणाऱ्याला रान ओढून नेतं, असं मुलांना पाळण्यातच सांगितलं जाई. मोठी माणसंही अशीच वाढलेली. आता बोला!

शाळेतल्या बाई परगावच्या. त्या शाळेतच राहत आणि रानात खुशाल हिंडत. त्या एकदा गावप्रमुखाला म्हणाल्या, "पट्ट्या सोडा. मी मुलांना रानातच शिकवीन. पण एवढी मुलं मला एकटीला आवरायची नाहीत. रोज तुमच्यातलं कुणीतरी सोबतीला द्या."

गावप्रमुख खेकसला, "बाई, तुम्ही आपलं चार भिंतींत शिकवा. माझी नात आहे त्या मुलांत. तिला काही झालं तर?"

बाई शाळेत परतल्या.

एका संध्याकाळी परतताना वाटाड्याचा पाय घसरला. तो खड्ड्यात पडला, डोकं दगडावर आपटलं आणि त्याची शुद्ध हरपली. दोर सैल पडला. मुलं जागच्या जागी थांबली. त्यांनी हाका मारल्या, पण उत्तर आलं नाही. जवळच कोल्हे ओरडले. पोरांची बोबडी वळली. तरी एकानेही पट्टी काढली नाही.

गावात पोचलं की वाटाड्या शिंग फुंकत असे. आज शिंग वाजलं नाही, तसं बाईंनी ओळखलं, काहीतरी बिघडलं. त्या धावत सुटल्या. रानात मुलांची रांग उभी होती. सगळ्यांच्या डोळ्यांवर पट्ट्या, सगळ्यांच्या मुठीत दोर आणि पुढे कुणीच नाही.

"पट्ट्या काढा रे," त्या म्हणाल्या.

"नको बाई! रान ओढून नेईल!"

"मी तर रोज बघते. मला नेलं का?"

गावप्रमुखाच्या नातीने पट्टी वर सरकवली. तिने झाडं पाहिली. मग शेजारून वाहणारा ओढा पाहिला. "बाई, हे पाणी कुठे जातं?"

"तुमच्याच गावाला. त्याच्या काठाकाठाने चला."

एकेक पट्टी सुटली. खड्ड्यात पडलेला वाटाड्या दिसला, त्याला सगळ्यांनी वर काढलं. बाईंनी फांद्या दोराने बांधल्या, त्यावर वाटाड्याला निजवलं आणि सगळ्यांनी मिळून त्याला ओढत नेलं.

रानाच्या कडेला सारा गाव मशाली घेऊन उभा होता. आया रडत होत्या, बाप हाका मारत होते, पण आत पाऊल कुणीच टाकलं नव्हतं.

नातीने विचारलं, "आजोबा, तुम्ही आत का नाही आलात?"

गावप्रमुखाची मान खाली गेली. "वाट माहीत नव्हती गं, बाळ. मलाही डोळे बांधूनच शाळेला नेलं होतं."

वाटाड्या बरा झाला, पण पट्ट्या पुन्हा कुणी बांधल्या नाहीत. रोज एकेका घरातली मोठी माणसं बाईंसोबत रानात जाऊ लागली. पहिल्या दिवशी गावप्रमुख निघाला. रानाच्या कडेला येताच त्याने डोळे घट्ट मिटले. नातीने त्याचा हात धरला आणि म्हणाली, "आजोबा, आता डोळे उघडा."

तेव्हा लहानथोर सगळ्यांनीच ध्यानात ठेवावं: मुलांचे डोळे बांधून भीती जात नाही, ते डोळे उघडणाऱ्या गुरूसोबत गावाने चालावं लागतं.