तीन लांबकेशी मांजरी आणि एक जावळ

एका राज्यात पाळणे हलायचे थांबले, त्याची ही कहाणी.

राज्य मोठं, नदी त्याहून मोठी, आणि नदीच्या काठी जटाई राहायची. जटाई जादूगारीण. तिच्या जटा नदीच्या तळापर्यंत पोचलेल्या. राज्यात मूल जन्मलं की वर्षाच्या आत त्याचं जावळ काढायचं आणि जटाईच्या हातात द्यायचं. मुलगा असो की मुलगी, राजाचं असो की कुंभाराचं. जटाई ते आपल्या जटेत विणायची. एक जावळ विणलं गेलं की पुढच्या मुलाला राज्यात यायची वाट मोकळी व्हायची. असं कधीपासून चाललं होतं ते कुणालाच ठाऊक नव्हतं, पण कुणी चुकवलं मात्र नव्हतं.

त्या राज्याचा राजा जयकेतू, राणी रेणुमती. राणीची कूस बरीच वर्षं उजवली नाही. नवस झाले, उपास झाले, राणी रडून रडून वाळली, आणि मग मुलगी झाली. नाव ठेवलं बकुळा. पोर जन्मली ती डोकंभर केस घेऊन. मधाचा रंग, रेशमाचा स्पर्श. राणीनं ते केस पाहिले आणि तिथंच ती गुंतली. वर्ष भरत आलं तशी म्हणाली, "हे केस मी द्यायची नाही."

राजा म्हणाला, "अहो, सगळे देतात."

"सगळ्यांच्या पोरींना असे केस आहेत का?"

राजानं मान डोलावली. तो नेहमीच डोलवायचा.

वर्ष सरलं. जटेतला एक पेड रिकामा राहिला आणि पुढच्या मुलांची वाट बंद झाली. राज्यात पोटुशी बाई दिसेना. सुइणी ओसरीवर माश्या मारत बसल्या. सुतार जुने पाळणे मोडून त्यांचे पाट करायला लागले. नव्या सुना पारावर बसून एकमेकींकडे बघायच्या आणि मान खाली घालायच्या.

जटाई राजवाड्याच्या दाराशी आली. "राणी, जावळ दे."

"मोती देते, पसाभर."

"मोती का विणू मी?" म्हणाली आणि गेली.

पुन्हा आली. "राणी, बाया रडतात गं."

"मीही रडले होते. तेव्हा कोण आलं होतं माझ्या दाराशी?"

जटाई गेली. तिसऱ्यांदा आली तेव्हा बकुळेचे दुधाचे दात पडायला लागले होते आणि केस गुडघ्यांखाली लोळत होते. राणी स्वतः फणी घेऊन बसायची. सकाळ त्यात जायची, दुपारही त्यातच जायची. पोर म्हणायची, "आई, दुखतंय." राणी म्हणायची, "हलू नकोस." अंगणात सोडायची नाही, केस मळतील. उन्हात सोडायची नाही, केस करपतील. पाऊस तर पोरीनं खिडकीच्या गजांतूनच पाहिलेला.

जटाई उंबऱ्यात उभी राहिली. म्हणाली, "तुला केसच हवेत ना? घे."

एवढंच बोलली. बकुळेच्या गालांवर केस उगवले, हातांवर उगवले, पाठीवर उगवले. पोर आखडत गेली, चार पायांवर आली आणि मोठी थोरली केसाळ मांजर होऊन खिडकीतून बाहेर पडली. राणी फणीसकट धावली. तटावर शेपटीचा झुपका दिसला, मग तोही दिसेना.

राणी जटाईच्या पायांवर कोसळली. "उःशाप दे."

"लेकीला शोध. ओळख. नदीकाठी आण आणि तिचे केस कापून माझ्या हातात घाल. कातर एकदाच चालेल. चुकलीस तर तुझी लेक जन्माची मांजर, आणि हे राज्य जन्माचं वांझ."

"कुठे गेली ती?"

"मला काय ठाऊक? शाप माझा, लेक तुझी."

राणी अनवाणी निघाली. वेशीवर बाया पाण्याला चालल्या होत्या. एक म्हणाली, "राणीसाहेब, फणी घेतलीत ना बरोबर?" दुसरी कुणी हसलीसुद्धा नाही. राणीनं ऐकलं आणि चालत राहिली.

राज्यातलं रान न् रान धुंडाळण्यात वर्षं गेली, आणि ती सीमेवर पोचली. तिथल्या निंबावर एक भारद्वाज बसला होता. त्याला माणसासारखं बोलता यायचं. म्हणाला, "माझ्याकडे शकुनाच्या आशेनं बघू नकोस बाई. तुझ्यापुरता शकुन नाही माझ्याजवळ."

"शकुन नको. वाट सांग."

"तुझी लेक गेली त्याच वर्षी तीन मुलखांत तीन दांडग्या मांजरी कुठून तरी येऊन राहिल्या. तिघी लांबकेशी. एक बर्फाच्या रानात, एक बंदरात, एक दक्षिणेच्या राजाच्या गादीवर. दोघी जन्माच्या मांजरी, एक तुझी."

"कोणती?"

"मी पाखरू. मांजरीच्या तोंडाजवळ जाऊन कोण बघणार?"

राणी आधी उत्तरेला गेली. बर्फाच्या रानात देवदार आभाळाला टेकलेले, आणि त्यांतल्या सगळ्यात उंच झाडावर मांजर. झाडाखाली एक म्हातारी लाकडं फोडत होती. म्हणाली, "हाक मारून ती यायची नाही, मासळी दाखवूनही यायची नाही. खाली बैस. हात मांडीवर ठेव. तिला वाटेल तेव्हा उतरेल."

राणी बसली. बर्फ पडत राहिला, खांद्यांवर साचत राहिला. बोटं आधी दुखली, मग निळी पडली, मग त्यांतली जाणीवच गेली. बर्फ वितळायला लागला तेव्हा कुठं मांजर उतरली, तीही डोकं खाली, शेपूट वर, खारीसारखी सरळ. अंगावर केसांचे दोन थर. आत लोकर, वर लांब तुळतुळीत केस, त्यांवर पाणी ठरायचंच नाही. गळ्याभोवती आयाळ, तोंड तिकोनी. राणीनं हात पुढे केला. मांजरीनं एकवार तिच्याकडे पाहिलं, वळली, आणि पाठ करून बसली. राणी चालायला लागली तशी मागून यायला लागली, पण हाताच्या अंतरात काही आली नाही.

मग बंदर. तिथं एका गलबतावर दुसरी मांजर. ही तिघींत मोठी, शेळीच्या करडाएवढी. पंजे भाकरीसारखे रुंद, हनुवटी चौकोनी, कानांच्या टोकांना केसांचे तुरे, शेपूट म्हणजे देवावर ढाळायची चवरी. एवढं धूड, पण आवाज चिमणीचा. म्याव म्हणायची नाही, चिवचिवायची. राणीला बघताच चिवचिवत आली आणि पायांत घोटाळली. बकुळेचा आवाजही असाच बारीक होता.

गलबताचा तांडेल म्हणाला, "मांजर नेलीस तर उंदीर कोण मारील? तुझा नवरा?"

"मी मारीन."

"तू? राणी ना तू?"

"होते."

तांडेलानं हातात सोटा दिला. सबंध पावसाळा राणी गलबताच्या पोटात उंदीर मारत राहिली. कुजक्या धान्याचा वास तिच्या अंगाला लागला तो पुन्हा कधी गेला नाही. खलाशी वरून ओरडायचे, "राणीसाहेब, आज किती उंदरांनी मुजरा केला?" दर्या शांत झाला तेव्हा तांडेल म्हणाला, "ने आता. तुझ्याइतके तिनंही मारले नसते." यात त्याला काही गंमत वाटली नाही, तिलाही नाही.

तिसरी दक्षिणेच्या राजाकडे. राणी मनाशी म्हणत होती, हा डोळे मागेल, जीभ मागेल, आयुष्य मागेल. राजा तक्क्याला टेकून जांभई देत म्हणाला, "ती होय? न्या की."

काहीच मागितलं नाही त्यानं. राणीला मात्र तेच जड गेलं. जिच्यासाठी कुणी काही मागत नाही ती आपली लेक कशी असेल?

पण मांजर उचलली मात्र, आणि तिला भरून आलं. सायीच्या रंगाचं अंग, तोंड नि पाय धुरकट, डोळे निळे. केस इतके मऊ की बधिर बोटांनाही थोडे कळले. हातात घेतली की चिंध्यांच्या बाहुलीसारखी सैल पडायची, मान टाकायची, पाय सोडायची. झोपेला आलेलं मूल आईच्या खांद्यावर पडतं ना, अगदी तशी. राणी तिथंच रडली. म्हणाली, "सापडली माझी बाय."

वाटेत एक नदी लागली. नावेत चढताना राणीनं मांजर क्षणभर नावाड्याकडे दिली. त्याच्याही हातांत ती तशीच सैल पडली. नावाडी म्हणाला, "किती गुणाची आहे हो!" राणीनं मांजर काढून घेतली.

मग बैलगाडीत तीन मांजरी नि राणी, परतीची वाट. राणी एकीकडून दुसरीकडे बघायची, दुसरीकडून तिसरीकडे. रानातली ओढ्याचं पाणी अंगावर घेऊनही कोरडी निघायची. गलबतावरची पाण्यात पंजा घालून खेळायची. गादीवरली पाणी बघताच मांडीत शिरायची. बकुळेला पाणी आवडायचं का? राणीला आठवेना. रानातली झाडावर चढायची, गलबतावरची दोरांवर, गादीवरली कुठेच नाही. बकुळेला चढता यायचं का? कुणी चढू दिलं होतं तिला? गलबतावरची दिवसभर बोलायची, गादीवरली कधीमधी, रानातली एक शब्द नाही. बकुळा काय बोलायची? "आई, दुखतंय." त्यापुढे राणीला काही आठवेना. केस आठवायचे. कुठे भोवरा होता, कुठे गुंता व्हायचा, तेलानं कोणता रंग यायचा, सगळं लख्ख. त्या केसांखालचं तोंड मात्र डोळ्यांपुढे उभं राहीना.

भारद्वाज जोखडावर येऊन बसला. "ओळखलीस?"

"नाही."

"वाट अजून आहे."

"वाट किती असली तरी नाही ओळखायची मी. माझ्याजवळ ओळखायला काही नाहीच रे."

भारद्वाज उडून गेला.

नदीकाठी सगळं राज्य जमलं होतं. लहान मूल एकही नव्हतं त्या गर्दीत. राजा पांढऱ्या दाढीनं उभा होता. जटाईनं तिन्ही मांजरी वाळूवर बसवल्या आणि कातर राणीच्या हातात दिली.

"ओळख."

गलबतावरची चिवचिवत आली, राणीच्या घोट्यांना अंग घासलं. गर्दीतून कुणी म्हणालं, "हीच! बघा कशी बोलते!" गादीवरली मांडीवर येऊन लोळली, पोट वर करून. बाया म्हणाल्या, "ही, ही! लेकराची माया लपते का?" राजाही म्हणाला, "हीच असावी हो." आणि राणीलाही तीच हवी होती. देवा, तीच असू दे. मान टाकून पडलेली, डोळे मिटलेली, आईवर विसंबलेली.

रानातली दूर होती. नदीकडे तोंड, राणीकडे पाठ.

राणी मांडीवरच्या मांजरीला कुरवाळत राहिली. मग तिचा हात थांबला. ती हळूच म्हणाली, "जिला मी दिवसदिवस बांधून बसवलं, ती माझ्या मांडीवर कशाला येईल?"

मांडीवरची मांजर तिनं वाळूवर ठेवली. कातर घेऊन रानातलीपाशी गेली. मांजर हलली नाही, वळलीही नाही. राणीनं आयाळीला कातर लावली, पाठीला लावली, बाजूंना लावली. बोटांना काही कळत नव्हतं. वाळूवर केसांचा ढीग झाला. जटाईनं तो उचलून जटेत विणला.

वाळूवर एक पोरगी बसली होती. वाढलेली, काटक, डोकं भादरलेलं. जमलेल्या बाया हुंदके द्यायला लागल्या. राजा गुडघ्यांवर आला. राणी पुढे झाली. "बकुळे. बाय माझी."

पोरगी उठली. पहिल्यांदा तिनं आईच्या डोळ्यांत पाहिलं.

"रामराम, राणीसाहेब."

"मी आई गं तुझी."

"हो. ठाऊक आहे मला."

"मग माझ्यामागून इतक्या लांब आलीस ती?"

"मला घरी यायचं होतं," बकुळा म्हणाली. "वाट तुम्हालाच माहीत होती."

आणि बापाचा हात धरून नगराकडे चालायला लागली.

शाप फिटला. पुढच्या पावसाळ्याआधी कुंभाराच्या घरी पाळणा हलला, मग साळ्याच्या, मग घरोघर. सुतारांना रात्रंदिवस काम पुरेना. सुइणींना जेवायला सवड मिळेना. प्रत्येक मुलाचं जावळ वेळेवर नदीला गेलं. जयकेतूच्या मागे बकुळा गादीवर बसली. न्यायानं वागली, कुणाला दुखवलं नाही. आईलाही नाही. रोज सकाळी येऊन पायांवर डोकं ठेवायची, "राणीसाहेब, बरं आहे ना?" विचारायची आणि जायची. केस तिनं मानेखाली कधी वाढवले नाहीत. आणि राणीनं हात पुढे केला की ती सावकाश, काही न बोलता, मागे सरायची.

उरलेल्या दोघी मांजरी राणीनं आपल्यापाशी ठेवल्या. एक दिवसभर तिच्याशी चिवचिवायची, दुसरी मांडीवर मान टाकून झोपायची. येणारे जाणारे म्हणायचे, "राणीसाहेब, किती जीव लावतात हो तुम्हाला!"

राणी म्हणायची, "लावतात खऱ्या. जन्माच्या मांजरी आहेत त्या."

कहाणी इथं संपली. राज्य भरलं, घरं भरली, राणीची मांडीही रिकामी राहिली नाही.