जातंय म्हणणारी बेटं

किनाऱ्यापासून होडीने तीन तासांवर केगदीची चार बेटं आहेत. केवड्याला इकडे केगद म्हणतात, आणि या बेटांवर माणसांपेक्षा त्याचीच वस्ती जास्त. दोन बेटं नुसती पाखरांची. तिसरं आवशीचं, म्हणजे आईचं बेट. माडांनी भरलेलं, पण कोरडं. तिथे कुणी राहत नाही. चौथ्या, थोरल्या बेटावर अकरा घरं आहेत आणि समुद्राला खेटून असूनही गोड पाण्याची एक विहीर आहे. परतीच्या होडीत चढताना पाहुणा सवयीने "येतो हं, आजोबा" म्हणाला, की होडी चालवणाऱ्या तातू तांडेलाचं तोंड कडू होतं.

"येतास खंय? जातास मां? मग 'जातंय' म्हणा!"

साऱ्या मराठी मुलखात निघताना 'जातो' म्हणणं अशुभ, आणि इथे उलटी गंगा. पाहुणे हसतात. तातू हसत नाही. होडीचा दोर हातात तसाच धरून तो सांगायला लागतो.

फार पूर्वी, असं सांगतात, ओहोटीला थोरल्या बेटापासून आवशीच्या बेटापर्यंत वाळूचा दांडा उघडा पडायचा. तेव्हा आवशीच्या बेटाला धाकलं बेट म्हणत. तिथे एकच घर होतं, आवडू नावाच्या विधवेचं, आणि घरामागे एक झरा, दिवसाला दोन-तीन घागरी पाणी देणारा. तिची एकुलती एक लेक जिवली थोरल्या बेटावर दिली होती. ओहोटी लागली की लेक माहेरी, भरतीच्या आत सासरी. "हिचं माहेर परसात," म्हणून बाकीच्या सुना तिला चिडवायच्या म्हणे.

मग एका वर्षी थोरल्या बेटाची विहीर मचूळ झाली आणि पुढे पार खारट. मुलं आजारी पडू लागली. बेटावर सात घरं होती. सातही घरांनी किनाऱ्यावर जाऊन राहायचं ठरवलं. नवऱ्याने लावलेले माड सोडून आवडू कुठे यायची नाही, हे जिवलीला पक्कं ठाऊक होतं. म्हणून आईला सांगायचं कसं, हेच तिला उमजेना. रोज ओहोटीला ती दांड्यावरून जायची, आईने वाढलेली पेज प्यायची आणि न सांगताच परत यायची. असे पाच दिवस गेले.

"सांगलंस मां आवशीक?" नवरा, भिवा, विचारायचा.

"उद्या सांगतंय," ती म्हणायची.

सहाव्या दिवशी वारा अनुकूल झाला आणि दुपारीच मचवा हाकारायचं ठरलं. जिवली दांड्याकडे धावली तेव्हा भरती लागली होती. जाऊन परतायला वेळ नव्हता. पलीकडे आई दारात नारळ सोलत बसलेली दिसत होती. जिवलीने दोन्ही हात तोंडाशी धरले आणि निघणारी कुठलीही लेक म्हणेल तेच म्हटलं.

"आये, येतंय गो!"

आईचं तोंड पुन्हा पाहिलं तर पाय निघणार नाही, म्हणून ती लगेच वळली आणि केगदीच्या आडून मचव्याकडे पळाली.

आवडूला काय ठाऊक, लेक कायमची चाललीय! 'येतंय' ऐकून, ऐन भरतीत पोर दांड्यावर पाऊल टाकतेय, एवढंच तिला कळलं. हातातला नारळ टाकून ती तिला अडवायला धावली.

मचवा वळसा घेऊन खुल्या पाण्यात आला, तेव्हा जिवलीला आई दिसली. दांड्याच्या मधोमध, कमरेएवढ्या पाण्यात. लेक कुठेच दिसत नाही म्हणून ती वाकून दोन्ही हातांनी पाणी चाचपत होती. जिवलीने हंबरडा फोडला, पण वारा आवाज उलटा नेत होता. भिवाने उडी टाकली. तो पोचला तेव्हा तिथे नुसतं पाणी होतं.

सहा घरं गेली. जिवली गेली नाही, भिवाही राहिला. दुसऱ्या दिवशी ओहोटीला दांडा उघडा पडला नाही, आणि पुन्हा कधीच पडला नाही. होडीने पलीकडे जाऊन तिने पाहिलं तर चुलीवरची पेज करपली होती आणि घरामागचा झरा आटला होता. इकडे थोरल्या बेटाच्या विहिरीला गोडं पाणी लागलं. आवडूने आपला झरा समुद्राखालून लेकीकडे पाठवला, असं लोक मानतात. ते पाणी पिताना जिवलीला दर वेळी रडू यायचं म्हणे. पुढे मुलं झाली, गेलेली घरंही हळूहळू परतली. प्रत्येकाच्या ओंजळीत त्याच विहिरीचं पाणी देऊन तिने वचन घेतलं: निघताना खरं काय ते सांगायचं, जाणाऱ्याने 'जातंय'च म्हणायचं.

साठ वर्षं तिने स्वतः ते पाळलं. मग एका दुपारी, खाटेवर पडल्या पडल्या, ती दाराकडे बघून म्हणाली, "आये, येतंय गो." भोवती सुना-नातवंडं होती. कुणी तिची चूक काढली नाही.

आजही बेटावरून निघणारा माणूस 'जातंय' म्हणतो. फक्त शेवटच्या घटका मोजणारं माणूस 'येतंय' म्हणतं, आणि ते ऐकलं की घरातली माणसं दारातून बाजूला होतात.