एकच दोरा

मेलेला किल्लेदार गडाच्या सदरेवर षटकोनी घरांच्या पटावर लढाई खेळे. ज्याचा तिरंदाज आधी टिपला जाई, तो माणूस लाकडी सोंगटी होई. इरावतीचा भाऊ तसाच पटावर थिजला होता. त्याला सोडवायला ती खेळायला बसली.

दोन तिरंदाजांमध्ये डोंगराचं घर होतं; त्यांच्यात ताणलेला दोरा डोंगरात अडला, तर समोरचा दिसत नसे आणि बाण मारता येत नसे. खेळी इरावतीची होती. तिने किल्लेदाराच्या तिरंदाजापासून आपल्या तिरंदाजापर्यंत दोरा ताणला. तो डोंगराच्या कडेला घासून गेला; अडला की नाही, हे किल्लेदारच ठरवी.

"सरकार, तुमच्या तिरंदाजाला माझा दिसतो का हो?" तिने कापऱ्या आवाजात विचारलं.

किल्लेदार बिनडोळ्यांच्या खोबणींतून हसला. "स्वच्छ दिसतो! पुढच्या खेळीला मेलीस, पोरी."

"मग माझ्यालाही तुमचा दिसतो. दोरा एकच आहे, आणि खेळी माझी."

तिने त्याचा तिरंदाज टिपला. किल्लेदाराचा जबडा उघडला, तो लाकडाचा होऊन तसाच राहिला. शेजारी भाऊ खोकला.